समासातला खुनी

सांगलीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक वाचनालय होतं. महिन्याची वर्गणी भरायची आणि रोज एक पुस्तक न्यायचं. बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळापहाड तिथं जाड दोऱ्यानं शिवून, खाकी वेष्टन घालून रचलेले असत. चारला दार उघडायचं, पण आम्ही पोरं साडेतीनपासून पायरीवर. एका मे महिन्यात असंच एक पुस्तक हाती लागलं. दहाव्या-बाराव्या पानाच्या समासात कुणीतरी पेन्सिलीनं बारीक अक्षरात लिहून ठेवलं होतं: 'डॉक्टरने मारले.' पुस्तक मी तरीही संपवलं, कारण दुसरं उद्याशिवाय मिळणार नव्हतं. पण डॉक्टरनं कुणाची नाडी बघायला हात पुढं केला की मला हसू यायचं. लेखकानं दीडशे पानं राबून जे झाकून ठेवलं होतं, ते एका पेन्सिलीनं दोन शब्दांत उघडं पाडलं होतं.

ही पेन्सिल मला या जूनमध्ये लंडनला आठवली. भाची तिथं नोकरी करते. तिनं आधीच तिकिटं काढून ठेवली होती. 'मामा, तू नाटकवाला माणूस. जगात सगळ्यात जास्त चाललेलं नाटक बघितल्याशिवाय परत कसा जाशील?' मी नाटकवाला नाही, नाटकाला जाणारा आहे. आणि खरं सांगायचं तर मला फारशी उत्सुकताही नव्हती. ॲगाथा ख्रिस्तीचं 'द माउसट्रॅप' म्हणजे लंडनच्या यादीतली एक खूण, असं माझं मत होतं. राणीचा वाडा बघायचा, मोठं घड्याळ बघायचं, तसंच हेही.

लेस्टर स्क्वेअरच्या भुयारी स्टेशनातून वर आलं की दोन मिनिटांवर ख्रिस्तीबाईंचं स्मारक लागतं. कांशाचं, उभ्या पुस्तकाच्या आकाराचं, मध्ये बाईंचा चेहरा. २०१२ मध्ये, नाटकाला साठ वर्षं झाली तेव्हा, ते बसवलं. तिथून वेस्ट स्ट्रीटला वळलं की शेजारीशेजारी दोन थिएटरं दिसतात. एक ॲम्बॅसिडर्स, दुसरं सेंट मार्टिन्स. डब्ल्यू. जी. आर. स्प्रेग या एकाच वास्तुविशारदानं बांधलेली ही जुळी भावंडं. एक १९१३ चं, दुसरं १९१६ चं. नाटक २५ नोव्हेंबर १९५२ ला ॲम्बॅसिडर्समध्ये लागलं. २३ मार्च १९७४ च्या शनिवारी तिथला शेवटचा प्रयोग झाला आणि सोमवारी, २५ मार्चला, पडदा शेजारच्या घरात उघडला. मधला रविवार सुट्टीचाच होता, त्यामुळे बिऱ्हाड बदललं तरी एकही प्रयोग चुकला नाही.

सेंट मार्टिन्समध्ये शिरताच समोर एक लाकडी फलक आहे. आजचा प्रयोग कितवा, तो आकडा त्यावर रोज बदलतो. तीस हजारावा प्रयोग १९ मार्च २०२५ ला झाला. आम्ही गेलो तेव्हा आकडा त्याच्या थोडा पुढं होता. फलकाशेजारी उभं राहून फोटो काढून घ्यायला रांग होती. आपल्याकडं वर्तमानपत्राच्या जाहिरातीत 'प्रयोग क्र. ३१२' असं छापून येतं आणि त्याचं आपल्याला कोण कौतुक! तीन आकड्यांत वाढलेल्या माझ्या नजरेला पाचवा आकडा पटकन वाचताच आला नाही.

आतलं थिएटर लहान आहे. साडेपाचशेच्या आसपास खुर्च्या, सगळीकडं गडद लाकूड. ठाण्याच्या गडकरी रंगायतनची सवय असलेल्याला वाटावं, हे एखाद्या जमीनदाराच्या घरातलं खासगी नाट्यगृह आहे. आपल्यासारखी तिसरी घंटा नाही. दिवे हळूहळू गेले. अंधारात 'तीन आंधळे उंदीर' या बडबडगीताची चाल, मग एक किंकाळी, मग रेडिओवरची बातमी: लंडनमध्ये एका बाईचा गळा दाबून खून झालाय, गडद ओव्हरकोट, फिक्या रंगाचा मफलर आणि फेल्ट हॅट घातलेला माणूस पोलिसांना हवा आहे.

बातमी वाचणारा आवाज डेरिक गायलरचा. हा नट १९९९ मध्ये गेला. त्याचं ध्वनिमुद्रण मात्र आजही रोज संध्याकाळी वाजतं. उजेड आला की मोठा दिवाणखाना दिसतो. मागं उंच खिडकी, बाहेर बर्फ, एका बाजूला शेकोटी आणि शेकोटीवर घड्याळ. नेपथ्य १९६५ मध्ये आणि पुन्हा १९९९ मध्ये नवं केलं गेलं, पण ते घड्याळ १९५२ चंच आहे. पहिल्या प्रयोगातल्या वस्तूंपैकी एवढं एकच उरलं आहे.

गोष्ट साधी. मॉली आणि जाइल्स राल्स्टन या तरुण जोडप्यानं मंक्सवेल मॅनर नावाच्या जुन्या वाड्यात पाहुण्यांसाठी राहण्याची सोय केलीय. आज पहिला दिवस. बाहेर हिमवादळ. एकेक पाहुणा येतो: केस विस्कटलेला, जरा विक्षिप्त ख्रिस्तोफर रेन, कशातच समाधान नसलेल्या मिसेस बॉइल, निवृत्त मेजर मेटकाफ, पुरुषी चालीची मिस केसवेल, आणि न बोलावता आलेला, गाडी बर्फात अडकली म्हणणारा मिस्टर पॅराव्हिसिनी. कोट, मफलर आणि हॅट यांतलं काही ना काही जवळजवळ प्रत्येकाच्या अंगावर. पुढं रस्ते बंद होतात, आणि बर्फावरून स्की घालून एक पोलीस सार्जंट खिडकीत येऊन उभा राहतो. नाव ट्रॉटर. मग टेलिफोनही मुका होतो. आठ माणसं, एक घर, बाहेर जायला वाट नाही.

पहिली वीसेक मिनिटं मी निराश होतो. संवाद शाळेतल्या जुन्या इंग्रजी क्रमिक पुस्तकासारखे घडी न मोडलेले. विनोद मऊ. समोरच्या रांगेतला मुलगा आठ-नऊ वर्षांचा असेल, तो मात्र आईचा दंड धरून बसला होता. पहिल्या अंकाचा शेवट अंधारात होतो. दिवे परत लागले तेव्हा माझाही हात खुर्चीच्या दांडीवर घट्ट आवळलेला होता, आणि ते भाचीनं पाहिलं.

मध्यंतरात इथं बटाटेवड्याची धावपळ नसते. थिएटरातलीच माणसं आइस्क्रीमच्या छोट्या डब्या घेऊन खुर्च्यांपाशी येतात. चमच्यानं आइस्क्रीम खात सगळं प्रेक्षागृह तपास करत होतं. मागच्या रांगेत चौघींनी चार वेगवेगळी नावं घेतली. आमच्या शेजारी काठी घेतलेले एक वृद्ध गृहस्थ होते. हे नाटक ते तिसऱ्यांदा बघत होते. पहिल्यांदा लहानपणी, आईबरोबर. भाचीनं सरळ विचारलं, मग खुनी कोण ते तुम्हाला माहीत आहेच की? ते हसले आणि तिलाच विचारलं, 'तुला कोण वाटतं?' तिनं नाव सांगितलं. त्यांनी मान हलवली, पण अशी, की हो की नाही ते कळू नये. साठ-पासष्ट वर्षं हे गुपित या माणसाच्या पोटात होतं.

या नाटकाचं मूळ मात्र गमतीचं नाही. जानेवारी १९४५ मध्ये इंग्लंडच्या श्रॉपशर परगण्यात डेनिस ओनील नावाचा बारा वर्षांचा मुलगा मेला. सरकारी व्यवस्थेनं त्याला आणि त्याच्या भावाला एका शेतकरी कुटुंबात सांभाळायला दिलं होतं. तिथं उपासमार आणि मारहाण यांत त्याचा जीव गेला. देश हादरला, चौकशी बसली, आणि १९४८ च्या मुलांविषयीच्या कायद्यामागं या प्रकरणाचा मोठा धक्का होता. ख्रिस्तीबाईंनी ही जखम उचलली. १९४७ मध्ये राणी मेरीच्या ऐंशीव्या वाढदिवसानिमित्त बीबीसीसाठी त्यांनी एक छोटी श्रुतिका लिहिली, 'थ्री ब्लाइंड माइस'. तिची पुढं कथा झाली आणि कथेचं नाटक. मंक्सवेल मॅनरमध्ये अडकलेल्यांपैकी कुणाचा तरी अशाच एका शेतावरच्या मुलांशी संबंध आहे, हे पहिल्या अंकातच कळतं. त्यामुळं दिवाणखान्यातल्या त्या सभ्य गप्पांखाली एक उपाशी पोर सतत बसलेलं असतं. मला वाटतं, नाटक नुसतं कोडं न राहता अंगावर येतं ते या पोरामुळं.

मूळ नावाचं एक नाटक आधी येऊन गेलं होतं, म्हणून नवं नाव हवं होतं. ते बाईंच्या जावयानं, अँथनी हिक्सनं, सुचवलं. 'हॅम्लेट'मध्ये राजपुत्र काकासमोर खुनाचं नाटक करवतो आणि काका त्या नाटकाचं नाव विचारतो, तेव्हा तो हेच उत्तर देतो. आपल्याकडं आगरकरांनी 'हॅम्लेट' 'विकारविलसित' या नावानं मराठीत आणलं, त्यामुळं ही युक्ती मराठी रंगभूमीच्या जुन्या ओळखीची आहे. माउसट्रॅप म्हणजे साध्या मराठीत उंदराचा पिंजरा. आत भाकरीचा तुकडा, दाराला स्प्रिंग. तुकडा दिसतो, स्प्रिंग दिसत नाही.

पिंजरा किती दिवस चालेल, याचा अंदाज मालकिणीलाही नव्हता. नॉटिंगहॅमला ६ ऑक्टोबर १९५२ ला पहिला प्रयोग झाला. लंडनला नाटक आठ महिने चालेल असं ख्रिस्तीबाई म्हणाल्या. निर्माते पीटर साँडर्स जास्त आशावादी. ते म्हणाले, चौदा महिने. तेव्हा इंग्लंडमध्ये रेशनिंग होतं, एलिझाबेथचा राज्याभिषेक व्हायचा होता, आणि आपलं महाराष्ट्र राज्य जन्माला यायला अजून साडेसात वर्षं होती. गंमत अशी की साँडर्सचे चौदा महिने पुढं वेगळ्याच रीतीनं आले. कोविडमुळं १६ मार्च २०२० ला नाटक बंद झालं आणि १७ मे २०२१ ला पुन्हा सुरू झालं. सदुसष्ट वर्षांहून अधिक काळ सलग चाललेलं नाटक थांबलं ते बरोबर चौदा महिने.

बाईंनी नाटकाचे हक्क मॅथ्यू प्रिचर्ड या नातवाला त्याच्या नवव्या वाढदिवसाची भेट म्हणून देऊन टाकले होते. नातवाच्या वाढदिवसाला एवढी मोठी खाऊची पुडी दुसऱ्या कुठल्या आजीनं दिली नसेल. स्वतः बाई या यशापुढं बावरलेल्याच असत. नाटकाच्या एका विक्रमी समारंभाला सॅव्हॉय हॉटेलात त्या वेळेआधी पोचल्या. दारावरच्या माणसानं ओळखलं नाही; अजून आत जाता येणार नाही म्हणाला. जिच्यासाठी मेजवानी, ती बाई निमूट मागं फिरली. मी कोण ते सांगायचं धाडस झालं नाही, हे त्यांनीच आत्मचरित्रात लिहून ठेवलंय. नाटक एवढं का चालतं याचं उत्तरही तिथंच आहे: नव्वद टक्के नशीब.

उरलेल्या दहा टक्क्यांत एक मराठी धागाही आहे. पहिला सार्जंट ट्रॉटर होता रिचर्ड ॲटनबरो आणि पहिली मॉली त्याची खरीखुरी बायको, शीला सिम. दोघांनी पगाराच्या काही भागाऐवजी नफ्यातला दहा टक्के हिस्सा घेतला. आयुष्यातला सर्वांत शहाणा व्यवहार, असं ॲटनबरो पुढं म्हणे. त्यातला काही हिस्सा विकून त्यानं रेस्टॉरंट काढलं, ते बुडालं. उरलेला हिस्सा त्यानं 'गांधी' चित्रपट बुडू नये म्हणून विकला. त्या 'गांधी'त रोहिणी हट्टंगडी कस्तुरबा झाल्या, डॉ. श्रीराम लागू गोखले झाले, आणि वेशभूषेसाठी कोल्हापूरच्या भानू अथैया यांना ऑस्कर मिळालं, भारताला मिळालेलं पहिलं. लंडनमधल्या एका काल्पनिक खुनाच्या कमाईतले काही पौंड अहिंसेच्या महात्म्याच्या चित्रपटाला लागले. हे कथानक ख्रिस्तीबाईंनी लिहिलं असतं तर फार जुळवून आणलंय म्हणून समीक्षकांनी नाक मुरडलं असतं.

आता नाटकवाल्या माणसाचा खरा प्रश्न. हे एवढं चालतं कसं?

आपल्याकडं नाटकाला घर नसतं. नाट्यगृहांच्या तारखा वाटून मिळतात. एकाच रंगमंचावर सकाळी एक, दुपारी दुसरं आणि रात्री तिसरंच नाटक. दुपारचा प्रयोग दादरला शिवाजी मंदिरला झाला की नेपथ्य उतरवायचं, टेम्पोत भरायचं आणि रात्री ठाण्याला पुन्हा उभं करायचं. त्या उभारणीत खिळे ठोकणाऱ्यांचा घाम मी विंगेतून पाहिलाय. असं वारीला निघालेलं नाटक चालतं ते नटाच्या पायांवर. १९६२ मध्ये आलेलं 'तो मी नव्हेच' म्हणजे अत्र्यांची लेखणी आणि फिरता रंगमंच हे खरंच, पण लोक तिकीट काढत ते प्रभाकर पणशीकरांच्या लखोबासाठी. प्रशांत दामले यांनी २०२२ मध्ये कारकिर्दीतला साडेबारा हजारावा प्रयोग केला. तो विक्रम एका माणसाचा आहे, नाटकं अनेक. आपला आकडा माणसाच्या नावावर जमा होतो.

लंडनला आकडा त्या लाकडी फलकावर जमा होतो. नाटक हलत नाही, माणसं हलतात. नटसंच ठरावीक काळानं बदलतो. डेव्हिड रेव्हन यांनी मेजर मेटकाफ ४,५७५ वेळा केला. आणि मला सगळ्यांत जास्त आवडली ती नॅन्सी सीब्रुक. मिसेस बॉइलची बदली कलाकार म्हणून ही बाई पंधरा वर्षं, ६,२४० प्रयोगांना, थिएटरात हजर राहिली. प्रत्यक्ष रंगमंचावर जायची वेळ आली फक्त ७२ वेळा. बाकी सहा हजारांहून अधिक संध्याकाळी ती तयार होती आणि तिची गरज पडली नाही. आपल्याकडं मुख्य नट आजारी पडला की प्रयोग रद्द होतो, पैसे परत मिळतात, आणि त्यात कुणाला वावगंही वाटत नाही. त्याच्याऐवजी दुसरा उभा केला तर आपणच आधी कुरकुर करू. दोन्ही रीतींत काही हरवतं. आपला लखोबा पणशीकरांबरोबर गेला; नंतर आलेल्यांना त्याच्या सावलीत उभं राहावं लागलं. तिथला ट्रॉटर कुणाबरोबरच जात नाही, पण अमुक एकाचा ट्रॉटर म्हणून डोळ्यांत पाणीही कुणाच्या येत नाही.

म्हणजे नट नव्हे. लेखनही नव्हे, कारण लेखन बेताचंच आहे, हे मी थिएटरात बसून अनुभवलं. मग काय? उत्तर मला नाटकाच्या अगदी शेवटी मिळालं.

दुसऱ्या अंकात कोडं सुटतं. कसं, ते जाऊ दे. टाळ्या झाल्या, आठही नट वाकले. मग त्यांच्यातला एक जण पुढं आला आणि त्यानं विनंती केली: तुम्ही आता आमच्या गुन्ह्यात सामील झाला आहात, तेव्हा गुपित तुमच्याजवळच ठेवा. रोज होणारी विनंती आहे, रोज तेच. लोक हसले. पण मी शेजारच्या वृद्धांकडं पाहिलं. ते हसले नव्हते. शपथ घेताना माणूस उभा राहतो तसे ते काठीवर दोन्ही हात ठेवून उभे होते.

हे गुपित जपायला ख्रिस्तीबाईंनीही कुंपणं घातली होती. ज्या कथेवरून नाटक झालं ती कथा, नाटक वेस्ट एंडमध्ये चालू आहे तोवर, इंग्लंडमध्ये पुस्तकात छापायची नाही. नाटक बंद होऊन सहा महिने झाल्याशिवाय चित्रपट काढायचा नाही. नाटक कायमचं बंद होतच नाही, त्यामुळं तो चित्रपटही नाही. पण कागदावरचं कुंपण आज किती पुरणार? २०१० मध्ये विकिपीडियावरच्या उघड शेवटाबद्दल नातवानं नाराजी बोलून दाखवली, पण शेवट तिथं आहेच. ज्याला हवं त्याला खुन्याचं नाव खिशातल्या फोनवर दहा सेकंदांत मिळतं. तरी त्या रात्री साडेपाचशे माणसांतल्या बहुतेकांनी ते बघितलेलं नव्हतं. ज्यांना माहीत होतं त्यांनी शेजाऱ्याला सांगितलेलं नव्हतं. नशीब नव्वद टक्के असेल, पण बाकीचं काम या न सांगणाऱ्यांनी केलंय. तीस हजार प्रयोगांचे प्रेक्षक घरी गेले आणि आपल्या मुलांना एवढंच म्हणाले, जा, बघून ये.

बाहेर आलो तेव्हा जूनचा उजेड अजून पुरता विझला नव्हता. आतल्या बर्फातून त्या उजेडात येताना डोळे किलकिले झाले. भाचीचा अंदाज चुकला होता, माझाही. दुसऱ्या दिवशी सांगलीहून आईचा फोन. ती ब्याऐंशी वर्षांची आहे, अर्नाळकरांची वाचक माझ्याही आधीची. मी सगळं कथानक सांगितलं: वाडा, बर्फ, स्की घालून आलेला पोलीस. ती मन लावून ऐकत होती. मी थांबलो तर म्हणाली, 'आणि मारलं कुणी?' म्हटलं, 'आई, ते सांगायचं नसतं.' पलीकडं जरा शांतता. मग म्हणाली, 'मी काय आता लंडनला जाणार आहे का रे?'

या प्रश्नाला माझ्याकडं चांगलं उत्तर नव्हतं, म्हणून मी तिला सांगून टाकलं. ती खूश झाली. मी झालो नाही. कारण फोन ठेवताना मला पुन्हा ते वाचनालय आठवलं. समासातली ती 'डॉक्टरने मारले' ही ओळ कुणाची ते मला कधीच कळलं नाही. पण त्यानंतरच्या आठवड्यात परत केलेल्या तीन पुस्तकांच्या समासात जी नावं लिहिलेली होती, ती माझ्या अक्षरात होती.

मराठी रंगमंचावर रहस्यनाटकं येतात आणि लवकर जातात. त्याचं खापर आपण लेखकावर फोडतो, नेपथ्यावर फोडतो, तारखांवर फोडतो. आधी आपण स्वतः किती शेवट फोडले ते मोजावं. पुढच्या वेळी दादरला किंवा सांगलीला एखादं रहस्यनाटक लागलं, तर ते जरूर बघा, आणि घरी आल्यावर व्हॉट्सॲपवर एवढंच लिहा: बघण्यासारखं आहे.